मंदावलेला संगणक : निदान, उपचार आणि पथ्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त बन्नूर येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सकाळी सोमनाथपूरचे केशवमंदिर पाहून आपण सारे कावेरीकाठच्या या बन्नूर गावी एकत्र जमलो आहोत. इ.स. १२५८ मधील ते होयसळ शिल्प डोळ्यांत साठवून आलेल्या मंडळींपुढे घरगुती संगणकाचे गाऱ्हाणे मांडणे म्हणजे श्रीखंडाच्या ताटात कारल्याची भाजी वाढण्यासारखे होय. तथापि कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, आणि आज्ञा पाळण्याची सवय आम्हांला केंद्र सरकारच्या नोकरीने पुरेपूर लावली आहे. शिवाय कारले औषधी असते, असे आमच्या आईचे सांगणे असे.

प्रारंभीच एक खुलासा करणे अगत्याचे वाटते. आम्ही कलाशाखेचे पदवीधर आहोत, अभियंते नव्हे. परंतु कचेरीतील टंकलेखन यंत्र जाऊन त्या जागी संगणक आला, तो आम्ही आमच्याच टेबलावर आलेला पाहिला. आणि तेव्हापासून घरी व दारी आम्ही या यंत्राशी संसार करीत आलो आहोत. मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात चहाच्या वेळी कोणी ना कोणी आम्हांस गाठून विचारतो, “अहो, आमचा संगणक फार संथ झाला आहे. टाकून द्यावा का?” या प्रश्नाचे एकदाच सविस्तर उत्तर द्यावे, एवढाच आजचा उद्देश.

आपणा परमुलुखात राहणाऱ्या कुटुंबांना हा प्रश्न अंमळ जास्तच जिव्हाळ्याचा आहे. साताऱ्याला किंवा अकोल्याला राहणाऱ्या वृद्ध आईचा चेहरा रविवारी याच पडद्यावर दिसतो. मुलांचा अभ्यास, निवृत्तिवेतनधारकांचे कामकाज, आयकराचे विवरणपत्र, बारशापासून लग्नापर्यंतची छायाचित्रे, हे सारे त्याच पेटीत असते. अशी पेटी उघडायला पंधरा मिनिटे लागू लागली, की घरातील माणसे प्रथम चिडतात, मग दुकानात जातात, आणि पुष्कळदा धडधाकट यंत्र भंगारात टाकून नवे घेऊन येतात. आमचे सांगणे इतकेच, की संथ झालेला संगणक बहुतेक वेळा म्हातारा झालेला नसतो. एक तर तो ओझ्याखाली दबलेला असतो, नाही तर त्याचा एखादा अवयव आजारी असतो. यांपैकी काय झाले आहे हे ओळखल्यावाचून उपचार करू नये, आणि उपचार करण्यापूर्वी त्याच्या पोटातील ठेव सुरक्षित बाहेर काढावी.

बन्नूरचे नाव येथील ठेंगण्या, भरदार अंगाच्या मेंढ्यांमुळे दूरवर गेले आहे. कळपातील एखादी मेंढी मागे पडू लागली, तर जाणता धनगर तिला काठी मारीत नाही. आधी तिचे खूर पाहतो, तोंड पाहतो, अंगावर हात फिरवून ताप पाहतो. तेच धोरण येथे हवे.

आता संगणकाच्या पोटात चालते काय, ते थोडक्यात पाहू. आम्ही कचेरीतले, म्हणून उपमाही कचेरीचीच देतो. एक अतिशय चपळ कारकून आहे. त्याला प्रोसेसर म्हणतात. त्याच्यापुढे एक टेबल आहे. ती रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती. आणि तळमजल्यावर दप्तरखाना आहे. ती हार्ड डिस्क. कारकून फक्त टेबलावरील कागदावरच काम करू शकतो. हवी ती फाईल टेबलावर नसेल, तर शिपायाने दप्तरखान्यात जाऊन ती आणावी लागते. टेबलावर जागा नसेल, तर आधीची फाईल खाली पोचवून मग नवी वर आणावी लागते. टेबल भरून वाहू लागले, की शिपायाच्या खेपा वाढतात आणि कारकून हातावर हात ठेवून बसून राहतो. संथ संगणकातील कारकून बहुधा आळशी नसतो. तो वाट पाहत असतो.

ही वाट किती लांब असते, तेही पाहा. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरीची चकती फिरत असते. घरगुती लॅपटॉपमधील चकती साधारणतः मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ सहस्रांश सेकंद लागतात. हवी ती माहिती वाचकाच्या सुईखाली येईपर्यंत जो वेळ जातो, तो रॅममधून तीच माहिती उचलण्याच्या वेळेच्या सुमारे लाखपट असतो. शिपाई लाखपट मंद, आणि त्याच्या खेपा मात्र हजारो! १९५६ मध्ये आय.बी.एम. कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात ५० चकत्या होत्या, तिचे वजन एक टनाहून अधिक होते, आणि मावत होती जेमतेम ५० लाख अक्षरे. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या लक्षावधीपट मजकूर राहतो; परंतु चकती फिरावी आणि सुई सरकावी, ही मूळ रीत तीच राहिली.

टेबलाच्या आकाराविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या देशी शास्त्रज्ञांनी ‘टिफ्रॅक’ नावाचा संगणक घडविला. १९६० मध्ये तो पूर्णपणे कार्यान्वित झाला आणि पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये त्याचे नामकरण केले. त्याची स्मृती २०४८ शब्दांची होती; आजच्या मापाने सुमारे १० किलोबाइट. एवढ्याशा टेबलावर शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे गणिते सोडविली. आपल्या घरातल्या ‘जुनाट’ संगणकात ४ गिगाबाइट रॅम असेल, तर ती टिफ्रॅकच्या चार लाख पट आहे. आणि तरीही एक पत्र लिहिताना तो धापा टाकतो! टेबल वाढले, पण त्यावर येऊन पडणाऱ्या कागदांचे ढीग त्याहून झपाट्याने वाढले. यात आपला दोष थोडा; कार्यक्रम लिहिणाऱ्या कंपन्यांचा हात सैल सुटला, हे अधिक खरे.

आता निदानाकडे वळू. यासाठी दुकानदाराची गरज नाही. विंडोज प्रणाली असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. ‘टास्क मॅनेजर’ नावाची खिडकी उघडेल. ती म्हणजे आपल्या कचेरीचे हजेरीपत्रक. त्यात सी.पी.यू., मेमरी आणि डिस्क असे तीन रकाने आहेत. त्यांखालील टक्के पाहावे. संगणक अडखळत असताना मेमरी ९० टक्क्यांपुढे गेलेली दिसली, तर टेबल अपुरे पडत आहे. डिस्कचा आकडा सतत १०० टक्क्यांना चिकटलेला असेल, तर शिपाई थकला आहे. सी.पी.यू.चा आकडा काही काम नसताना चढलेला असेल, तर कोणी अनाहूत पाहुणा कारकुनाला कामाला जुंपून बसला आहे. तिन्ही आकडे खाली असूनही पडदा हलत नसेल, तर बऱ्याचदा संगणकाचा दोष नसून इंटरनेटच्या जोडणीचा असतो. बन्नूरसारख्या गावात हा अनुभव विरळा नाही. अशा वेळी संगणकावर खर्च करणे म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून घागर बदलण्यासारखे होय.

हे आकडे कागदावर टिपून ठेवावे. आमच्या घरी एक छोटी वही आहे. तीत संगणक सुरू व्हायला किती मिनिटे लागली, कोणता आकडा किती होता, आणि काय केल्यावर तो किती झाला, हे आम्ही लिहितो. सरकारी सवय म्हणून आमच्या सौभाग्यवती हसतात. पण कोणत्या औषधाने गुण आला, हे वहीवाचून कळत नाही.

आणि आता या व्याख्यानातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एकही उपाय करण्यापूर्वी छायाचित्रे, पत्रे, ध्वनिमुद्रणे आणि कागदपत्रे दुसऱ्या एखाद्या बाह्य डिस्कवर उतरवून घ्यावी. याचे कारण असे, की संथपणा हे पुष्कळदा मरू घातलेल्या डिस्कचे पहिले लक्षण असते. चकतीवरील काही जागा खराब झाली, की डिस्क तीच माहिती पुनःपुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते, आणि आपल्याला वाटते संगणक सुस्तावला. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, फाईल उघडताना मध्येच सारे थिजत असेल, तर साफसफाईच्या भानगडीत पडू नये. आधी ठेव बाहेर काढावी. सर्वांत मोलाची वस्तू सर्वांत आधी.

म्हैसुरातील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकिकत सांगतो. त्या घरच्या आजोबांनी आपल्या हयातीत वऱ्हाडी बोलीतल्या गोष्टी नातवंडांसाठी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. आजोबा गेले. पुढे संगणक मंद झाला म्हणून मुलाने तो एका दुरुस्तीच्या दुकानात दिला. दुकानदाराने डिस्क पुसून विंडोज नव्याने बसविले. संगणक खरोखरच वेगवान झाला. दोन दिवसांत हसतमुखाने परत मिळाला. आजोबांचा आवाज मात्र त्यात नव्हता. त्या घरातल्या आजी आम्हांला म्हणाल्या, “भाऊ, ते यंत्र हळू चालत होतं तेच बरं होतं.” यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. दुकानात यंत्र देताना ‘माहिती पुसू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे. आणि तरीही प्रत आधी आपल्याजवळ असावी.

मराठी माणसाने आणखी एक खबरदारी घ्यावी. आज आपण मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये. ती अक्षरे जगातील कोणत्याही संगणकावर मराठीच दिसतात. परंतु १९९० च्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षे आपण श्रीलिपी, आकृती अशा संचांचे वेगवेगळे फाँट वापरून लिहीत होतो. तो फाँट संगणकावर नसेल, तर तोच मजकूर अर्थहीन रोमन चिन्हांचा चिवडा होऊन दिसतो. आपल्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवी अंकाचा मजकूर याच रीतीने टंकित झाला होता, हे जुन्या कार्यकर्त्यांना स्मरत असेल. संगणक नव्याने मांडताना तो फाँट पुसला गेला, तर लेख जागेवर असूनही वाचता येणार नाहीत. म्हणून जुन्या लेखांबरोबर त्यांच्या फाँटच्या फाईलीही जपाव्या, आणि सवडीने सारा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा. असे रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. मात्र रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावे लागतात.

ठेव सुरक्षित झाली, की मग बिनखर्ची उपायांना हात घालावा. पहिला उपाय इतका साधा आहे, की सांगताना संकोच वाटतो : संगणक ‘रीस्टार्ट’ करावा. आपण रोज तो बंद करतोच, असे आपण म्हणाल. परंतु विंडोज ८ पासून पुढच्या प्रणालींत ‘शट डाउन’ केल्यावर संगणक बहुधा पूर्णपणे निजत नाही. दुसऱ्या दिवशी लवकर उठता यावे म्हणून अर्धी स्मृती जपून ठेवतो. त्यामुळे जुना गुंताही तसाच राहतो. ‘रीस्टार्ट’ने टेबल खरोखर रिकामे होते.

दुसरा उपाय आगंतुकांना दारातच थांबविण्याचा. आपण एखादा कार्यक्रम कधीतरी बसवितो आणि तो संगणक उघडताच आपणहून सुरू होण्याची मुभा घेऊन टाकतो. असे दहा-पंधरा पाहुणे पहाटेच स्वयंपाकघरात शिरले, तर गृहिणीने काय करावे? टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ असा विभाग आहे. तेथे यादी दिसते. ज्याचे नाव ओळखीचे आहे आणि ज्याची सकाळी सकाळी गरज नाही, त्याला ‘डिसेबल’ करावे. तो कार्यक्रम पुसला जात नाही. बोलावल्यावाचून येत नाही, एवढेच. विषाणुप्रतिबंधक कार्यक्रमाला मात्र हात लावू नये. उलट, असे दोन प्रतिबंधक एकाच घरी असतील तर एक काढावा. दोन पहारेकरी एकमेकांचीच झडती घेत बसतात. विंडोजसोबत येणारा ‘डिफेंडर’ घरगुती वापराला पुरेसा आहे.

तिसरा उपाय जागेचा. डिस्क काठोकाठ भरली, की प्रणालीला हालचालीला जागा उरत नाही. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी असावी. विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘स्टोरेज’ या विभागात तात्पुरत्या फाईली काढण्याची सोय आहे. तेथे खुणा करताना ‘डाउनलोड्स’वर खूण नाही ना, हे पाहावे, कोणाची पत्रिका, कोणाचे प्रमाणपत्र तेथेच पडलेले असते. व्हॉट्सअॅपवरून आलेली सुप्रभाताची चित्रे मात्र निःसंकोच विसर्जित करावी.

चौथा उपाय ब्राउझरचा. उघडे ठेवलेले प्रत्येक पान म्हणजे टेबलावर पसरलेली एक फाईल. चिरंजीव तीस पाने उघडी ठेवतात आणि मग संगणक संथ आहे म्हणून वडिलांकडे नव्याची मागणी करतात! नको ती पाने बंद करावी, ब्राउझरला चिकटलेली अनोळखी ‘एक्स्टेन्शन’ काढून टाकावी. आठवड्यातून एकदाच संगणक उघडणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे, की त्या दिवशी तो आठवडाभराची तुंबलेली अद्ययावतीकरणे उरकीत असतो. त्याला तासभर चालू ठेवून द्यावे. पुढे तो आपोआप शांत होतो.

पाचवा उपाय संशयित पाहुण्यांचा. काम नसताना सी.पी.यू. तापत असेल, तर एखादा घातकी कार्यक्रम आत असण्याचा संभव असतो. डिफेंडरकडून संपूर्ण तपासणी करून घ्यावी. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. तेथे असे उपद्रवी कार्यक्रम हुडकून काढणारी साधने विनामूल्य मिळतात, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक आहे.

सहावा उपाय धुळीचा. कारकुनाला फार उकडले, की तो आपणहून काम मंद करतो. प्रोसेसर स्वतःला जळण्यापासून वाचविण्यासाठी वेग घटवितो. सुगीच्या दिवसांत या बाजूला हवेत धूळ व भुसकट असते, ते पंख्याच्या जाळीत जाऊन बसते. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरला, तर खालची छिद्रे झाकली जातात. संगणक सकाळी ठीक आणि तासाभराने मंद, असे होत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. टेबलावर वापरणारांनी यंत्र बंद करून, वायर काढून, मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. लॅपटॉप जाणत्या कारागिराकडून उघडून घ्यावा.

एवढे केल्यावर निम्म्याहून अधिक घरांत समाधान होईल, असा आमचा अनुभव आहे. उरलेल्यांनी खर्चाचा विचार करावा. पण वहीतील आकडे हाती घेऊनच. मेमरी वारंवार ९० टक्क्यांपुढे जात असेल, तर रॅम वाढवावी. चाराची आठ गिगाबाइट केली, की साध्या कामाला पुरते. मात्र २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती चढल्या आहेत, आणि काही लॅपटॉपमध्ये ती मूळ पटलावरच डाखलेली असते; म्हणून ती वाढविता येते का, आणि डी.डी.आर.३, डी.डी.आर.४ यांपैकी कोणत्या जातीची हवी, हे आधी विचारावे. एक जात दुसरीच्या जागी बसत नाही.

डिस्कचा आकडा शंभराला चिकटलेला असेल आणि आत फिरती चकती असेल, तर एकच खर्च करण्यासारखा आहे : ती काढून एस.एस.डी. बसवावी. एस.एस.डी.मध्ये फिरणारे काही नाही. माहिती चिपांमध्ये साठविलेली असते. ज्या विखुरलेल्या बारीकसारीक नोंदी फिरती डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे इतक्याच काढू शकते, त्या एस.एस.डी. हजारोंनी काढते. दहा वर्षांचा लॅपटॉप यामुळे नवा वाटू लागतो, आणि खर्च नव्या संगणकाच्या किमतीचा एक लहानसा अंश असतो. जुनी डिस्क धडधाकट असेल, तर तिच्यावरचे सारे जसेच्या तसे नवीवर उतरविता येते; पुसण्याची गरज नाही. जुनी डिस्क कपाटात जपून ठेवावी. एस.एस.डी.ला ‘डीफ्रॅगमेंट’ करण्याचा जुना उपचार मात्र कोणी करू नये. त्याने लाभ नाही, झीज आहे. तिची निगा विंडोज आपणहून राखते. आणि वीज जाणे-येणे हा आपला नित्याचा अनुभव असल्याने टेबलावरील संगणकाला यू.पी.एस. जोडावा.

आता प्रणालीचा प्रश्न. विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टचे नियमित संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना त्यानंतर एक वर्षाची, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत देण्यात आली. विंडोज ११ ला निदान ४ गिगाबाइट रॅम आणि टी.पी.एम. २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि साधारणतः २०१७ पूर्वीचे प्रोसेसर ती स्वीकारीत नाही. म्हणजे अनेक घरांतील चालते यंत्र केवळ दाखला नाही म्हणून दाराबाहेर उभे राहिले! अशांसाठी लिनक्सचा मार्ग आहे. ही प्रणाली विनामूल्य असून हलकी आहे; तिचे अनेक अवतार आहेत. केरळ राज्याने आपल्या शाळांतून हीच वापरात आणली. आपल्या पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, हे सर्वश्रुत आहे. त्याच सी-डॅकने भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणालीही तयार केली आहे. लिनक्समध्ये मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक सहज मिळतो. ती आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. पसंत पडली तरच बसवावी. मात्र ज्यांचे काम एखाद्या विशिष्ट विंडोज कार्यक्रमावाचून अडते, त्यांनी घाई करू नये.

यानंतर पथ्य सांगतो. ‘आपला संगणक एका क्षणात दसपट वेगवान करा’ अशा जाहिराती पडद्यावर झळकतात. ते कार्यक्रम बसवू नये. ते शेकडो ‘चुका’ सापडल्याचा देखावा करतात, पैसे मागतात, आणि स्वतःच एक नवे ओझे होऊन बसतात. दुसरे, कोणी दूरध्वनी करून “आम्ही विंडोजच्या कंपनीतून बोलतो, आपला संगणक बिघडला आहे” असे म्हणाले, तर शांतपणे दूरध्वनी ठेवावा. अशी कोणतीही कंपनी घरोघरी चौकशी करीत बसत नाही. सरकारी कचेरी तर नाहीच, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो! त्यांच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा देणारा कार्यक्रम बसविणे म्हणजे तिजोरीच्या किल्ल्या रस्त्यावरच्या माणसाच्या हाती देणे. फसगत झालीच, तर लाजेपोटी गप्प न बसता तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडविण्याची शक्यता अधिक. घरी एकट्या असणाऱ्या ज्येष्ठ मंडळींना हा क्रमांक लिहून द्यावा.

इतके करूनही यंत्र चालेनासे झाले, मूळ पटलच गेले, तर मात्र मोह सोडावा. पण ते भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नये. आत शिसे आणि इतर विषारी द्रव्ये असतात. ई-कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत. त्यांनुसार नोंदणीकृत केंद्राकडेच असे यंत्र सोपवावे. आणि देण्यापूर्वी डिस्क काढून घ्यावी. आपल्या घरची माहिती परक्याच्या हाती जाऊ नये.

बंधुभगिनींनो, आमची एक सूचना आहे आणि ती मंडळाने स्वीकारावी अशी विनंती आहे. ज्यांच्या घरी संगणक मंद झाला आहे, त्यांनी तो मंडळाच्या पुढील मासिक सभेला घेऊन यावे. एक बाह्य डिस्क सोबत आणावी. आपल्या मंडळात अभियांत्रिकी शिकणारी अनेक मुले-मुली आहेत. त्यांनी प्रथम प्रत्येकाची ठेव उतरवून द्यावी, आणि मग हजेरीपत्रक उघडून निदान करावे. ज्यांचा संगणक सुधारून घरी जास्तीचा ठरला असेल, त्यांनी तो एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला द्यावा. रौप्यमहोत्सवी अंकाच्या जुन्या फाईली कोणाकडे असतील, तर त्या कार्यवाहांच्या स्वाधीन कराव्या. युनिकोडमध्ये उतरविण्याचे काम आम्ही आमच्या अंगावर घेतो. आणि ज्यांच्या घरी वडीलधारे आहेत, त्यांनी आज रात्रीच त्यांचा आवाज, त्यांची एखादी गोष्ट ध्वनिमुद्रित करून तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्या.

भोजनाची वेळ झाली आहे, आणि पाने मांडली जात असताना बोलत राहणे हा अपराध होय. कोणास काही शंका असल्यास भोजनोत्तर आम्ही त्या पिंपळाखाली बसलेलो असू.

नमस्कार.